कुलाबा किल्ल्यावर सूर्यघड्याळ लावताना

स्कॉटलंडमधल्या ड्रमंड कॅसलच्या बागेत जॉन माइल्न या राजगवंड्याने १६३० साली उभारलेला सूर्यघड्याळाचा दगडी खांब आहे. तिथे पाहुण्याचं काम सोपं असतं. बागेत जायचं, सावली बघायची आणि मनगटावरच्या घड्याळाशी ताडायची. अलिबागच्या कुलाबा किल्ल्यावर मात्र सूर्यघड्याळ आपणच बनवून न्यायचं, तिथे मांडायचं आणि वाचून परत आणायचं. त्यासाठी दोन गोष्टी आधी जमवाव्या लागतात: अलिबागच्या अक्षांशाला बेतलेलं घड्याळ आणि समुद्र ओलांडायची वेळ. नवखे लोक पहिलीवर आठवडाभर खपतात आणि दुसरी विसरतात. मग भरदुपारी किनाऱ्यावर उभं राहून पाण्यापलीकडचा किल्ला बघायची वेळ येते. म्हणून सुरुवात समुद्रापासून.

पायरी १: आधी तिथी, मग तारीख

शिवाजी महाराजांनी १६८० साली बांधायला घेतलेला आणि पुढे आंग्र्यांच्या आरमाराचं ठाणं झालेला हा जलदुर्ग ओहोटीला चालत गाठता येतो. भरतीला होडी लागते. सूर्यघड्याळ घेऊन जाणाऱ्याला ऊन डोक्यावर असताना किल्ल्यात असायला हवं, म्हणजे ओहोटी दुपारच्या सुमारास हवी. इथेच घोळ होतो.

किनाऱ्यावरचा जुना ठोकताळा असा: तिथीच्या आकड्याची पाऊणपट करा, पूर्ण भरतीची वेळ मिळते. अष्टमीला ८ ची पाऊणपट ६, म्हणजे सकाळी आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास भरती. भरतीनंतर साधारण सव्वासहा तासांनी पूर्ण ओहोटी, म्हणजे दुपारी सव्वाबारा. पौर्णिमा-अमावास्येला उलटं होतं: भरती ऐन दुपारी आणि ओहोटी सकाळ-संध्याकाळ. सुट्टी बघून पौर्णिमेचा दिवस धरला तर सूर्य माथ्यावर असताना वाटेत पाणीच पाणी असतं.

मग सरळ अष्टमी धरावी, तर दुसरी अडचण. अष्टमीच्या आसपास भांगाचे दिवस असतात. भरती मोठी नसते, तशी सुकतीही (ओहोटीही) पुरती लागत नाही. उधाणाच्या दिवसांत ओहोटीला जी वाट कोरडी पडते तिच्यावर भांगात घोटाभर ते गुडघाभर पाणी राहू शकतं. म्हणून मधला मार्ग काढायचा आणि तो महिन्यावर ठरतो. अलिबागला सूर्य मध्यावर येण्याची वेळ वर्षभर सरकत असते: नोव्हेंबरच्या मध्यात १२ वाजून २३ मिनिटं, फेब्रुवारीच्या मध्यात १२ वाजून ५३ मिनिटं. नोव्हेंबरात सप्तमी चालते. ५:१५ ची भरती, ११:३० ची ओहोटी. दहाला निघा, मध्यान्ह गाठा आणि पाऊण वाजता परतीला लागा. फेब्रुवारीत मध्यान्ह अर्ध्या तासाने उशिरा, म्हणून अष्टमी-नवमी धरावी लागते. शुक्ल पक्ष असो वा कृष्ण, हिशेब एकच.

पाऊणपटीचा हा नियम दिवस निवडण्यापुरता. तो तासभर इकडेतिकडे होऊ शकतो, त्याच्या भरवशावर पाण्यात पाय घालायचा नाही. दिवस ठरला की त्या तारखेचं छापील किंवा संकेतस्थळावरचं भरती-ओहोटीचं कोष्टक बघा आणि किनाऱ्यावर पोचल्यावर घोडागाडीवाल्यांना विचारा. पूर्ण ओहोटीच्या दीड तास आधी निघायचं आणि पूर्ण ओहोटीनंतर दीड तासाच्या आत अलिबागच्या वाळूवर परत यायचं, ही मर्यादा पाळा. परतीची वेळ मोबाइलवर गजर लावून ठेवा, कारण सावली बघता बघता वेळ जातो. पाणी चढलेलं असेल आणि होडी नसेल तर किल्ल्यातच थांबा. माणसं अडचणीत येतात ती बहुतेक ‘कंबरभरच आहे’ म्हणून उतरल्यावर.

मध्यान्ह गाठायची नसेल तर पंचमी-षष्ठी उत्तम. ओहोटी दहा ते पावणेअकराला असते, वाट अष्टमीपेक्षा जास्त उघडी पडते आणि सकाळचं वाचन निवांत होतं. सूर्यघड्याळ सकाळीही तेवढंच चालतं. पहिल्या खेपेला हाच पर्याय घ्यावा.

महिने नोव्हेंबर ते फेब्रुवारी. पावसाळ्यात समुद्र खवळलेला असतो, आणि ऊन तरी कुठे असतं! २१ मार्च आणि २३ सप्टेंबर या तारखांच्या मागचे-पुढचे चार-पाच दिवसही टाळा. त्याचं कारण पुढे येईल.

पायरी २: अलिबागचं घड्याळ बनवा

शोभेची पितळी सूर्यघड्याळं बाजारात मिळतात, रिसॉर्टच्या हिरवळीवरही दिसतात. त्यांतली बरीचशी इंग्लंडच्या आसपासच्या अक्षांशाची नक्कल असतात: मधला तिरका काटा पन्नासेक अंशांत उभा. अलिबागचा अक्षांश १८ अंश ३८ कला. काटा पृथ्वीच्या आसाला समांतर असला तरच सावली वर्षभर त्या त्या तासाला त्याच रेघेवर पडते आणि अलिबागला तो जमिनीशी केवळ १८.६ अंश चढता हवा. तसलं पितळी घड्याळ घरात असेलच तर फेकू नका. ते ५२ अंशांचं असेल तर त्याची दक्षिणेकडची कड उचलून खाली ३३.४ अंशांची पाचर द्या. तबकडी तिरकी दिसेल, वेळ मात्र बरोबर येईल.

नवीन बनवताना आडव्या तबकडीचं करू नका. कोकणच्या अक्षांशावर तिच्यावरच्या दुपारच्या रेघा एकमेकींना चिकटतात. अलिबागसाठी बारापासून अकरा किंवा एकच्या रेघेचा कोन ४.९ अंश येतो, दहा-दोनचा १०.५, नऊ-तीनचा १७.७, आठ-चारचा २९, सात-पाचचा ५० आणि सहाचा ९०. म्हणजे सकाळच्या एका तासाला ४० अंशांची ऐसपैस जागा आणि दुपारच्या तासाला जेमतेम पाच. नेमकी आपल्या भेटीची वेळच वाचता येत नाही.

त्यापेक्षा विषुववृत्तीय घड्याळ घ्या. त्यात तबकडी सावली पाडणाऱ्या काठीला काटकोनात असते आणि सगळ्या तासांना सारखे १५ अंश मिळतात. जयपूरचं २७ मीटर उंचीचं सम्राट यंत्र याच तत्त्वावर चालतं. तिथे काठीच्या जागी दगडी भिंत आहे आणि तबकडीच्या जागी दोन बाजूंच्या वळणदार कमानी.

लागणारं सामान: ५ मिलिमीटर जाडीचा सनबोर्ड (स्टेशनरीच्या दुकानात मिळतो; साधा पुठ्ठा खाऱ्या हवेत तासाभरात वाकतो), ३ मिलिमीटर जाडीची सरळ बांबूची काडी किंवा विणकामाची सुई, कोनमापक, फूटपट्टी, फेव्हिकॉल आणि न पसरणारं पेन.

तबकडी १२ × १२ सेंटीमीटरची कापा. बरोबर मध्यावर, म्हणजे तळाच्या कडेपासून ६ सेंटीमीटरवर, काडी घट्ट बसेल एवढंच भोक पाडा. भोक सैल झालं तर काडी डुलते आणि दहा मिनिटं कुठे गेली ते कळत नाही.

दोन्ही अंगांना रेघा आखा. भोकातून सरळ खाली जाणारी रेघ बाराची. तिच्यापासून दोन्हीकडे १५-१५ अंशांवर पुढचे तास. आकडे घालताना लक्ष द्या, बहुतेकांची चूक इथेच होते. उत्तरेकडच्या अंगावर (समोर उभं राहिल्यावर तुमचं तोंड दक्षिणेला) सकाळचे आकडे उजवीकडे येतात: उजवीकडे ६, खाली १२, डावीकडे संध्याकाळचे ६. दक्षिणेकडच्या अंगावर सगळं उलट: डावीकडे सकाळचे ६, खाली १२, उजवीकडे संध्याकाळचे. उन्हाळ्यासाठी सहाच्या वर सकाळच्या ५ ची आणि संध्याकाळच्या ७ ची रेघही काढा, कारण जूनमध्ये सूर्य सूर्यवेळेच्या साडेपाचच्या आधीच उगवतो.

दोन अंगं कशासाठी? मार्चअखेरपासून सप्टेंबरपर्यंत सूर्य विषुववृत्ताच्या उत्तरेला असतो, तेव्हा ऊन उत्तरेकडच्या अंगावर पडतं. उरलेले सहा महिने दक्षिणेकडच्या अंगावर. संपाताच्या दिवसांत, म्हणजे २१ मार्च आणि २३ सप्टेंबरच्या आसपास, किरण तबकडीच्या कडेला घासून जातात आणि दोन्ही अंगांवर नीट सावली उठत नाही. म्हणून ते दिवस टाळायचे.

आता काडी. तबकडीच्या दक्षिणेला १७.८ सेंटीमीटर आणि उत्तरेला ५ सेंटीमीटर राहील अशी ती बसवा आणि गुण्याने सगळ्या बाजूंनी काटकोन तपासून चिकटवा. सनबोर्डचाच ३० × १५ सेंटीमीटरचा पाट घ्या, त्यावर मधोमध लांबीच्या दिशेने एक सरळ रेघ ओढा. काडीचं दक्षिण टोक या रेघेवर ठेवा, तिथून १८.८ सेंटीमीटरवर तबकडीची तळाची कड येईल. ही मापं जुळली की काडीचा चढ आपोआप १८.६ अंश होतो आणि तबकडी पाटाशी ७१.४ अंशांत, दक्षिणेकडे झुकलेली उभी राहते. कोनमापक लावून अंश मोजत बसण्यापेक्षा ही लांबीची मापं जास्त भरवशाची.

हौस असेल तर तासांच्या रेघांबरोबर दर ६ अंशांवर बारीक खुणा करा. ६ अंश म्हणजे २४ मिनिटं, म्हणजे एक घटिका. पंचांगातल्या घटी-पळांना असा डोळ्यांनी दिसणारा अर्थ मिळतो.

या आकाराच्या तबकडीवर १० मिनिटांना कडेपाशी अडीच मिलिमीटर जागा मिळते. सूर्यबिंबच अर्ध्या अंशाचं असल्याने सावलीची कड मुळातच दोन मिनिटांइतकी पुसट असते. सावलीचा मध्य धरून पाच मिनिटांपर्यंत वाचता आलं, तर काम चोख झालं समजा.

पायरी ३: पिशवीत काय घ्यायचं

एक छोटी सुतारी लेव्हल (पाणसळ), होकायंत्र, दोन रिकाम्या कापडी थैल्या, एक ड्रॉइंग बोर्ड, खाली खिळ्याचं डोकं घट्ट बसवून उभा केलेला १२ सेंटीमीटरचा शंकू (सावली मोजायची सरळ उभी काडी), पेन्सिल, टोपी, माणशी दोन लिटर पाणी आणि मोबाइलसाठी चेन असलेली प्लास्टिकची पिशवी. पायांत पट्ट्याचे सँडल हवेत. वाटेतल्या खडकांवर शेवाळ आणि कालवं असतात. अनवाणी पाय कापतो, साधी चप्पल पाण्यात निघून जाते. कापडी थैल्या किनाऱ्यावरच वाळूने भरून घ्या. अकरा-बाराच्या सुमारास समुद्रावरून वारा सुटतो आणि सनबोर्ड उडवतो. पाटावर ठेवायला किल्ल्यातले सुटे दगड उचलू नका. इथल्या तटाचे मोठाले चिरे चुन्याशिवाय एकावर एक रचलेले आहेत. सुटा वाटणारा दगड बांधकामाचा असू शकतो.

पायरी ४: जागा

महादरवाजातून आत गेल्यावर तिकीट काढा आणि घाईने पहिल्याच मोकळ्या जागी बसू नका. जागेला तीन गोष्टी हव्यात. पूर्व-दक्षिण-पश्चिम आकाश मोकळं असावं: झाड, बुरूज, देवळाचं शिखर यांची सावली पुढच्या दोन तासांत तिथे येता कामा नये. जमीन बऱ्यापैकी सपाट हवी. आणि लोखंड जवळ नको. किल्ल्याच्या उत्तर टोकाला तटावर गाड्यावरच्या दोन इंग्रजी तोफा आहेत. फोटोसाठी ती जागा सुरेख, होकायंत्रासाठी अगदी वाईट. निदान १५-२० पावलं लांब राहा.

१७५९ साली राघोजी आंग्र्यांनी बांधलेल्या गणेश पंचायतनाच्या देवळात आजही पूजा होते, तेव्हा देवळाचं अंगण आणि येण्याजाण्याची वाट सोडून बसा. किल्ला केंद्रीय पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली आहे. दगडावर खडूची रेघ, खिळा, रंग, काही म्हणजे काही नाही. १९५८ च्या कायद्यानुसार संरक्षित वास्तूचं नुकसान किंवा विद्रूपीकरण केल्यास दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. सगळ्या खुणा आपल्या बोर्डवर करायच्या. कॅमेऱ्याचा ट्रायपॉड घरीच ठेवा, त्याला वेगळी परवानगी लागते.

पायरी ५: उत्तर शोधणं

पाटावरची रेघ खऱ्या उत्तर-दक्षिणेला लावायची, काडीचं चढतं टोक उत्तरेला. दोन वाटा आहेत.

होकायंत्राची वाट झटपट. कोकणात चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर यांत एक अंशाहूनही कमी फरक आहे, तो सोडून दिला तरी चालतो. अडचण आसपासची असते: तोफ, पिशवीतली लेव्हल, पॉवर बँक, मोबाइलच्या कव्हरमधलं चुंबक आणि खुद्द काळा पाषाण. बसाल्टमध्ये लोहखनिजाचे कण असतात आणि एखादा चिरा सुईला काही अंश ओढू शकतो. म्हणून एकच वाचन घेऊ नका. चार-पाच पावलांच्या अंतरावर तीन ठिकाणी, कमरेच्या उंचीवर धरून बघा. तिन्ही जुळली तर ठीक, नाही तर जागा बदला. (चुंबकसुईचे हे नखरे अलिबागकरांना नवे नाहीत. मुंबईत विजेच्या ट्राम येणार, त्यांच्यामुळे मोजमापं बिघडणार, म्हणून मुंबईच्या कुलाब्याची चुंबकीय वेधशाळा १९०४ साली अलिबागला आणली गेली. दोन कुलाब्यांचा असाही एक संबंध.)

दुसरी वाट शंकूची, शुल्बसूत्रांच्या काळापासून चालत आलेली. ड्रॉइंग बोर्ड लेव्हल लावून सपाट करा, मध्ये १२ सेंटीमीटरचा शंकू उभा करा आणि त्याच्या बुडाभोवती ११ पासून १६ सेंटीमीटरपर्यंत एकेक सेंटीमीटरच्या त्रिज्येची वर्तुळं घरूनच काढून आणा. मध्यान्हापूर्वी सावली आखडत जाते. तिचं टोक ज्या क्षणी एखाद्या वर्तुळावर येईल तिथे ठिपका द्या. मध्यान्हानंतर ती लांबत जाऊन त्याच वर्तुळाला दुसऱ्या बाजूला शिवेल, तिथे दुसरा ठिपका. दोन ठिपके जोडणारी रेघ पूर्व-पश्चिम, तिला काटकोनातली उत्तर-दक्षिण. डिसेंबरात मध्यान्हाची सावली १०.८ सेंटीमीटर असते, तेव्हा ही वर्तुळं पुरतात. मध्यान्हाच्या मागेपुढे निदान ४० मिनिटं मिळाली पाहिजेत; त्याहून जवळचे ठिपके घेतले तर सावली इतकी हळू हलते की टोक नेमकं कधी शिवलं ते सांगता येत नाही. ‘सर्वांत आखूड सावली म्हणजे उत्तर’ हे तत्त्व म्हणून बरोबर आहे, पण त्यावरून दिशा ठरवायला गेलं तर याच कारणाने फसायला होतं.

वेळ कमी असेल तर घड्याळ होकायंत्राने लावा आणि शंकू बाजूला मांडून ठेवा. निघताना दोन्ही ताडून बघा.

मोबाइलवर वेळ बघून सावली ‘बरोबर’ येईपर्यंत पाट फिरवणारे पुष्कळ असतात. त्याने उत्तर सापडते खरी, पण मग घड्याळ वाचण्यात काही उरत नाही.

पायरी ६: पाणसळ

लेव्हल आधी पूर्व-पश्चिम आडवी ठेवा, मग उत्तर-दक्षिण. क्रम उगीच सांगितलेला नाही. कोकणात काडी जवळजवळ आडवीच असते, त्यामुळे पाट पूर्वेला किंवा पश्चिमेला एक अंश कलंडला की वेळेत थेट ३ ते ४ मिनिटांचा फरक पडतो. उत्तर-दक्षिण दिशेने तो दोन अंश कलंडला तरी मध्यान्हाला काहीच फरक पडत नाही आणि हिवाळ्यात नऊ किंवा तीनला फार तर अडीच मिनिटांचा. सनबोर्डच्या कातरलेल्या पट्ट्या खाली सरकवून सपाटी साधा, मग वाळूच्या थैल्या पाटाच्या कोपऱ्यांवर ठेवा आणि पुन्हा एकदा लेव्हल बघा. थैली ठेवताना पाट हलतोच.

पायरी ७: वाचन आणि हिशेब

सावली वाचली: समजा ११:२०. मोबाइल म्हणतो १२:०८. बरेच जण इथे घड्याळ चुकलं म्हणून उचलायला लागतात. ते चुकलेलं नाही, ते अलिबागची वेळ दाखवतंय.

भारतीय प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखांशाची. अलिबाग ७२.८७ अंशांवर, म्हणजे ९.६३ अंश पश्चिमेला. सूर्याला एक अंश सरकायला ४ मिनिटं लागतात, म्हणून अलिबागचा सूर्य प्रमाणवेळेच्या साडेअडतीस मिनिटं मागे. जुन्या मुंबईत ‘बॉम्बे टाइम’ चालायचा तो प्रमाणवेळेच्या ३९ मिनिटं मागेच होता. १९०६ साली प्रमाणवेळ आल्यावरही मुंबईत तो कितीतरी वर्षं टिकून राहिला. तुमच्या सनबोर्डावर दिसते ती वेळ जवळपास तीच.

दुसरी दुरुस्ती कालसमीकरणाची. पृथ्वीची कक्षा लंबवर्तुळाकार आहे आणि आस कललेला आहे, म्हणून सूर्यावरून मोजलेला दिवस नेमका २४ तासांचा नसतो. हे फरक साचून फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात सूर्य १४ मिनिटं मागे पडतो आणि नोव्हेंबरच्या सुरुवातीला १६ मिनिटं पुढे जातो. १५ एप्रिल, १३ जून, १ सप्टेंबर आणि २५ डिसेंबरच्या सुमारास फरक शून्य.

दोन्ही मिळून अलिबागला सावलीच्या वेळेत किती मिनिटं मिळवायची, ते दर महिन्याच्या १५ तारखेसाठी असं:

जानेवारी ४८, फेब्रुवारी ५३, मार्च ४८, एप्रिल ३९, मे ३५, जून ३९, जुलै ४४, ऑगस्ट ४३, सप्टेंबर ३४, ऑक्टोबर २४, नोव्हेंबर २३, डिसेंबर ३४.

मधल्या तारखांसाठी अंदाजाने मधला आकडा घ्या. वरचं उदाहरण १५ जानेवारीचं: ११:२० अधिक ४८ मिनिटं, १२:०८. हे आकडे तबकडीच्या मागे किंवा पाटावर लिहून ठेवा. किल्ल्यात मोबाइलचा स्क्रीन उन्हात दिसत नाही.

एक वाचन पुरेसं नाही. दर १५ मिनिटांनी सावलीची वेळ आणि मोबाइलची वेळ शेजारीशेजारी लिहा, निदान पाच वेळा. मग फरकांकडे बघा.

चूक कुठे आहे ते कसं ओळखायचं

सगळे फरक सारखेच आणि चाळीस मिनिटांच्या आसपास असतील तर दुरुस्ती करायची राहिली. दुरुस्तीनंतरही सगळ्या वाचनांत सारखा ५-१० मिनिटांचा फरक उरत असेल तर पूर्व-पश्चिम सपाटी बघा. फरक १२ ते १५ मिनिटांचा असेल तर संशय उत्तरेवर घ्या: हिवाळ्यात दुपारी होकायंत्र पाच अंश फसलं की एवढीच चूक येते. फरक सकाळी एका बाजूला आणि दुपारनंतर दुसऱ्या बाजूला जात असेल तर काडी तबकडीला काटकोनात नाही किंवा भोक मध्यावर नाही. ते किल्ल्यात सुधारत बसू नका, घरी गेल्यावर बघा. सावली वेगळ्याच तासावर असेल तर दोन अंगांच्या आकड्यांची अदलाबदल झाली आहे. आणि हिवाळ्याच्या सकाळी धुरकट हवेत सावली फिकी असेल तर वाट बघण्याशिवाय उपाय नाही, अकरापर्यंत बहुधा हवा स्वच्छ होते.

मे महिन्याची एक गंमत

१४-१५ मेच्या सुमारास सूर्य अलिबागच्या बरोबर माथ्यावरून जातो. १२ वाजून ३५ मिनिटांनी उभ्या शंकूची सावली त्याच्या बुडाखाली नाहीशी होते. त्या क्षणी उत्तर चुकलेली असली तरी आपल्या घड्याळाची वेळ बिघडत नाही, फक्त सपाटी अचूक हवी. जुलैअखेरीस सूर्य परतताना पुन्हा तोच योग येतो, पण तो ढगांआड जातो. या दोन दिवसांच्या मध्ये मध्यान्हाची सावली दक्षिणेला पडते, हे शंकू मांडणाऱ्याने ध्यानात ठेवावं. मेमध्ये ऊन मात्र सोसवत नाही; लहान मुलं बरोबर असतील तर किल्ल्यात अर्ध्या तासाहून जास्त थांबू नका.

जुन्या ज्योतिर्गणितात गावाचा अक्षांश सांगायची रीत याच सावलीवरून होती. संपाताच्या मध्यान्हाला १२ अंगुळांच्या शंकूची सावली म्हणजे त्या गावची पलभा. अलिबागची पलभा ४ अंगुळांहून किंचित जास्त. त्या दिवसांत सूर्यघड्याळ बंद असतं, पण शंकू घेऊन गेलात तर १२ सेंटीमीटरला ४ सेंटीमीटर सावली मोजून ताळा करता येईल.

दुसऱ्या किल्ल्यांसाठी

तबकडी तीच चालते. बदलायची ती काडीची दक्षिणेकडची लांबी, पाटावरची तिच्या टोकाची जागा आणि रेखांशाची मिनिटं. वसईला काडी १७.१ सेंटीमीटर आणि ३९ मिनिटं, मुरूड-जंजिऱ्याला १८.१ आणि ३८. हर्णैच्या सुवर्णदुर्गाला १८.७ आणि ३८, रत्नागिरीला १९.६ आणि ३७, विजयदुर्गाला २०.२ आणि ३७. मालवणच्या सिंधुदुर्गाला २०.९ आणि ३६. महिन्यांच्या वरच्या यादीतून, रत्नागिरी-विजयदुर्गासाठी दीड-दोन आणि मालवणसाठी दोन मिनिटं कमी करा. काडी तबकडीतून सरकवून पुन्हा चिकटवायची असेल तर पक्क्या गोंदाऐवजी दोन्ही बाजूंनी रबरी वायसर लावा.

पाऊणपटीचा ठोकताळा मुंबई-अलिबागकडचा आहे. दक्षिणेला भरती आधी येते, तेव्हा मालवणकडे तिथलंच कोष्टक वापरा. जंजिरा, सुवर्णदुर्ग आणि सिंधुदुर्गाला होडीनेच जावं लागतं आणि जंजिऱ्याचे होडीवाले परतीची वेळ ठरवून देतात. दोन तास थांबायचं असेल तर चढायच्या आधीच बोलून घ्या. वसई, रत्नागिरीचा रत्नदुर्ग आणि विजयदुर्ग इथे जमिनीवरून जाता येतं, भरतीची चिंता नाही. विजयदुर्गावर ‘साहेबाचे ओटे’ म्हणून ओळखले जाणारे चौथरे १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास सूर्यग्रहणाशी जोडले जातात. तेही बघून घ्या, पण आपला पाट ओट्यावर न मांडता शेजारच्या जमिनीवर मांडा.